नामदार जगन्नाथ शंकरशेट आणि विलायती भांडवल

आषाढ-श्रावणात लोणावळ्यास उतरून भुशीची वाट धरली म्हणजे काही मैलांच्या चालीनंतर इंद्रायणीच्या वरच्या अंगाचा तो जुना बंधारा लागतो. पाण्याचा फेसाळ पडदा पायऱ्या-पायऱ्यांवरून खाली येत असतो आणि त्यात मुंबई-पुण्याची हजारो माणसे भिजत बसलेली असतात. आपल्या ज्ञातीची कुटुंबेही मुलाबाळांसह तेथे येतात, कणसे खातात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. हा बंधारा कोणी व कशासाठी बांधला हे मात्र त्यांतील फारच थोड्यांस ठाऊक असते. तो शेतीच्या पाटाकरिता नव्हता, गावच्या विहिरीकरिताही नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने आपल्या वाफेच्या इंजिनांस पाणी पाजण्यासाठी तो बांधला, आणि आजही तो रेल्वेच्याच मालकीचा आहे. बोरघाट चढून आलेले इंजिन तहानलेले असे. भुशीच्या ओढ्याने ती तहान भागवावयाची, अशी ती योजना.

त्या कंपनीचा पैसा विलायतेतील भागीदारांचा होता. परंतु कंपनीचे बीज मुंबईत ज्यांनी रुजविले त्यांत आपल्या दैवज्ञ ज्ञातीचा एक पुरुष होता, तो म्हणजे नामदार जगन्नाथ शंकरशेट, सर्वांचे नाना. स्मरणिकांतून नानांची चरित्रे अनेकदा छापून येतात. त्यांत त्यांच्या विद्यादानाचा गौरव असतो, व तो योग्यच आहे. पण त्यांच्या व्यापारी कर्तृत्वाविषयी दोन ओळींपलीकडे कोणी जात नाही. परदेशचा पैसा आपल्या देशात कसा आला, कोणत्या अटींवर आला आणि त्याचे भले-बुरे काय झाले, हा प्रश्न आज घरोघर बोलला जातो. तो नानांच्या काळात प्रथम उभा राहिला, म्हणून या लेखात त्याच अंगाने त्यांचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराण्याचे आडनाव मुरकुटे. पूर्वज अठराव्या शतकात घोडबंदराकडून मुंबईत आले आणि कोटात पेढी घालून स्थिरावले. वडील शंकरशेट यांनी टिपूवरील इंग्रजांच्या स्वारीच्या काळात व्यापारात अमाप द्रव्य मिळविले. १८२२ साली ते निवर्तले तेव्हा एकोणीस वर्षांच्या नानांच्या हाती मोठी पेढी, मोठी इस्टेट आणि त्याहून मोठी पत आली.

या पतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मुंबईत बँक ऑफ बाँबे निघाली ती १८४० साली. तत्पूर्वी, आणि त्यानंतरही पुष्कळ काळ, दूरदेशचा व्यापारी आपले द्रव्य ठेवी तो पेढीवर. अरब व अफगाण सौदागर मुंबईस माल विकून जाताना आपला ऐवज बँकेपेक्षा नानांच्या ताब्यात ठेवणे अधिक पसंत करीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भाषा वेगळी, धर्म वेगळा, परतण्याचा मुहूर्त अनिश्चित; तरीही ठेव जशीच्या तशी मिळेल ही खात्री. सोनाराच्या हाती डोळे झाकून सोने देणारे गिऱ्हाईक आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. तोच विश्वास येथे समुद्रापलीकडून येत होता. मोठ्या व्यापाराचा पाया अखेर हाच असतो. पैसा दूरवर जातो तो ओळखीच्या माणसाच्या भरवशावर, आणि तसे माणूस न मिळाले तर तो हमीचा कागद मागतो. कागदाची गोष्ट पुढे येणारच आहे.

नानांच्या सार्वजनिक कार्याचा पसारा फार मोठा आहे. येथे तो धावताच घेतो. सतीच्या बंदीस त्यांचा पाठिंबा होता. मुंबईतील शिक्षणमंडळीचे ते आधारस्तंभ होते, आणि १८४० पासून पुढे बोर्ड ऑफ एज्युकेशनचे सभासद. १८४९ च्या सुमारास मुलींची शाळा काढण्याचे तरुणांनी मनावर घेतले तेव्हा नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात तिला जागा दिली. त्या काळी हे धाडस लहान नव्हते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बाँबे असोसिएशन स्थापन झाली तीत ते पुढारी होते. १८५७ च्या बंडात त्यांच्यावर संशय आला, चौकशी झाली, पण पुरावा न मिळाल्याने ते त्यातून सुटले. पुढे मुंबईच्या कायदेकौन्सिलात नेमले गेलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. ही यादी आणखी लांबविता येईल; पण आपल्याला जावयाचे आहे घाटाकडे.

१८३० साली इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर अशी आगगाडी सुरू झाली. एक बंदर, दुसरे कापडाचे शहर. तिच्या मुळाशी कापूसच होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा कापूस बहुतांशी अमेरिकेतून येई, आणि तेथील पीक बुडाले की गिरण्यांचे चात्यांचे हात थांबत. वऱ्हाड-खानदेशात कापूस मुबलक. पण तो बैलांच्या पाठीवरून घाट उतरे. वाटेत धूळ, चिखल, पाऊस, चोरी. मुंबईस पोहोचेपर्यंत त्याचा रंग जाई आणि भावही जाई. बोरघाटात गाडीरस्ता १८३० साली झाला होता खरा. पण बैलगाडी ती बैलगाडीच. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना घाटावरचा स्वच्छ कापूस हवा होता आणि मुंबईच्या पेढीवाल्यांना त्याची उलाढाल हवी होती. या दोन गरजांच्या सांध्यावर आगगाडीची कल्पना उभी राहिली.

१८४५ साली नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईत रेल्वेसाठी मंडळी उभारली. ती पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीत विलीन झाली, आणि कंपनीच्या दहा संचालकांत हे दोघेच काय ते हिंदी होते. नानांचे वय त्या वेळी बेचाळीस. ज्या माणसाने आगगाडी डोळ्यांनी पाहिली नव्हती त्याने तिच्यासाठी आपले नाव पणास लावले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कारण त्या वेळी लोखंडी रस्त्यावरून धूर ओकत जाणाऱ्या गाडीविषयी लोकांत काय काय बोलले जात असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

ऑगस्ट १८४९ मध्ये कंपनीस पार्लमेंटच्या कायद्याने अस्तित्व आले आणि त्याच महिन्यात तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. या कराराकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. रेल्वेसाठी जमीन सरकारने फुकट द्यावयाची, मुदत नव्याण्णव वर्षे. भागीदारांनी भरलेल्या भांडवलावर दरसाल शेकडा पाच टक्के व्याज मिळेलच अशी सरकारची हमी. रेल्वेस नफा झाला नाही तर ती रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरावयाची. पाच टक्क्यांहून अधिक नफा झाला तर त्यातील निम्मा सरकारने पूर्वी भरलेल्या व्याजाच्या फेडीस आणि निम्मा भागीदारांस. हिशेबासाठी रुपयाचा भाव एक शिलिंग दहा पेन्स असा बांधलेला. पंचवीस वर्षांनंतर ठराविक वेळी रेल्वे विकत घेण्याचा हक्क सरकारने राखून ठेवला होता.

लंडनच्या एखाद्या विधवेस किंवा पेन्शनरास यापेक्षा निर्धास्त गुंतवणूक कोणती मिळणार? हिंदुस्थान कोठे आहे हे ठाऊक नसले तरी चालेल, घाट कोसळला तरी चालेल. पाच टक्के येणारच. म्हणून तर पैसा आला. आजच्या भाषेत बाहेरच्या देशाचा पैसा दोन प्रकारे येतो असे म्हणतात. एक कर्जाच्या रूपाने, ज्यात व्याज ठरलेले व कारभार घेणाऱ्याचा. दुसरा थेट गुंतवणुकीच्या रूपाने, ज्यात कारभार देणाऱ्याचा, पण तोटाही त्याचाच. जी. आय. पी. च्या करारात भागीदारांस दोहोंतील गोड भाग मिळाला: व्याज कर्जाप्रमाणे पक्के, आणि कारभार मालकाप्रमाणे लंडनहून.

यातील दोष सोनारास लगेच कळेल. डाग घडविताना जी घट येते ती कमी यावी म्हणून कारागीर राखसुद्धा धुऊन पाहतो. पण घट कितीही आली तरी ती गिऱ्हाईक भरून देईल आणि त्या घटीवरही शेकडा पाच मिळतील असा ठराव असता, तर मुशीतून सांडलेले कण कोणी वेचले असते? हमीच्या पद्धतीने बांधलेल्या रेल्वेंचे तसेच झाले. मैलास सुमारे आठ हजार पौंड लागतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात सरासरी अठरा हजारांच्या घरात गेली. ही वाढ भरून निघाली ती शेतसाऱ्यातून. दादाभाई नौरोजींनी पुढे देशाच्या संपत्तीच्या विलायतेकडे वाहणाऱ्या ओघाचा जो हिशेब मांडला, त्यात रेल्वेच्या व्याजाची बाब होती. हे दादाभाई बाँबे असोसिएशनमध्ये नानांचे तरुण सहकारी होते.

मग नानांनी केले ते चुकले काय? या प्रश्नास बगल देऊन त्यांची आरती ओवाळणे मला प्रशस्त वाटत नाही. करार लंडनमध्ये झाला, आणि तेथे रयतेच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता. मुंबईतील दोन हिंदी संचालकांचे वजन होते ते मुंबईत: जागा, माणसे, लोकांचा विश्वास मिळवून देण्यापुरते. नानांना आगगाडी हवी होती, ती त्यांनी आणली. तिच्या किमतीची बोली करण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नव्हता. माझ्या मते त्यांचे श्रेय पूर्ण आहे. पण ज्या प्रजेस आपल्या तिजोरीवर हक्क नाही तिच्या नावाने केलेली हमी ही हमी नसून कर असतो, हेही तितकेच खरे आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस मैलांचे अंतर. तीत नाना होते असे सांगतात, आणि कंपनीची कचेरी प्रारंभी त्यांच्या वाड्यात होती अशीही आख्यायिका आहे. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत आली. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे हा वरचा तुकडा सुरू झाला. मध्ये उरला घाट. पुढील पाच वर्षे मुंबईचा उतारू खोपोलीस उतरे, पालखीने, तट्टाने किंवा पायी घाट चढे, आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसे. आपले पूर्वज असे गेले असतील. कोणाच्या घरी तशी आठवण असेल तर ती लिहून ठेवावी.

घाटाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले होते. जेम्स बर्कले हे मुख्य इंजिनियर. पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, सदतीस फुटांस एक फूट इतका कठीण उतार. एका कड्याशी तर गाडीस पुढे वळावयास जागाच नव्हती. तेथे उलटफेरीचे स्टेशन करून इंजिन मागे जोडून गाडी वर नेत. पहिला कंत्राटदार फेव्हिएल याच्या कामावर १८५९ च्या आरंभी मजुरीवरून मोठी दंगल झाली आणि त्याने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला. पण त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने, कंत्राट सोडले नाही. तिने व्यवस्थापक नेमून ते पुरे करून घेतले. १८६१ साली एका वेळी बेचाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. दोरांना लोंबकळून सुरुंगाची भोके पाडावयाची, पावसात उघड्यावर निजावयाचे, पटकीची साथ आली की जागच्या जागी मरावयाचे. विलायतच्या भागीदारास पाच टक्क्यांची हमी होती; या मजुरास दिवसाच्या मजुरीचीही नव्हती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते बोरघाटाची लाइन खुली झाली. त्या वेळी नाना साठ वर्षांचे होते.

याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तेथील दक्षिणेचा कापूस १८६१ पासून अडकला आणि मँचेस्टरने मुंबईकडे धाव घेतली. भाव कित्येक पटींनी वाढले. त्या चार-पाच वर्षांत मुंबईस नेहमीच्या किमतीहून सात-आठ कोटी पौंड अधिक मिळाले असे मानतात. हा पैसा चांदी-सोन्याच्या रूपाने आला, आणि वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्याच्या घरी जाऊन त्याचे दागिने झाले. कोणी म्हणे गाड्यांच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या. त्या काळी आपल्या ज्ञातीच्या आगट्या रात्रंदिवस पेटत्या असतील यात शंका नाही. हजारो मैलांवरच्या एका लढाईने गावच्या सोनाराचे दिवस पालटावेत, हा त्या व्यापाराचा महिमा.

मुंबईत मात्र त्या पैशाने वेड लावले. समुद्र भरून काढण्याच्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस घसरला. मुदतीच्या सौद्यांचा दिवस १ जुलै १८६५ हा होता, आणि त्या दिवशी मुंबईतील कित्येक पेढ्या एका सकाळीत बसल्या. बँक ऑफ बाँबे १८६८ मध्ये बंद पडली. त्या जुलैच्या ३१ तारखेस नानांचे देहावसान झाले. ज्या व्यापारी मुंबईत ते वाढले, जिच्यात शब्दावर ऐवज ठेवला जाई, तिची अवस्था त्यांनी अखेरच्या महिन्यात काय डोळ्यांनी पाहिली असेल!

त्यानंतरची हकीकत थोडक्यात. १९०० साली सरकारने जी. आय. पी. विकत घेतली, पण कारभार १९२५ पर्यंत कंपनीकडेच राहिला. १९२९ च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली, उलटफेरीचे स्टेशन सुटले, आणि वाफेच्या इंजिनांची भुशीच्या पाण्यावाचूनची अडचण हळूहळू सरली. ती विजेची कल्पनाही याच डोंगरांशी निगडित आहे. लोणावळ्याजवळ वळवणचे धरण बांधण्यास १९११ साली आरंभ झाला. १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली. टाटांच्या त्या कंपनीचे भागभांडवल हिंदी संस्थानिक व व्यापारी यांचे होते. भुशीचे पाणी लंडनच्या पैशाने अडविले, वळवणचे देशी पैशाने. मध्ये पन्नास-साठ वर्षे गेली आणि अंतर अवघे काही मैलांचे. लोणावळ्यास येणाऱ्यांनी दोन्ही तळी एका दिवसात पाहावीत.

परदेशी भांडवलाचा आणखी एक धडा आपल्या मावळातच आहे. तळेगावास २००८ साली जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. २०२० अखेर त्याचे उत्पादन थांबले, आणि पुढे तो कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने घेतला. मालक बदलेपर्यंतचा काळ कामगारांच्या घरी कसा गेला हे मावळात सर्वांस ठाऊक आहे. थेट गुंतवणुकीत तोटा मालकाचा असतो असे वर म्हटले. पण मालक गाशा गुंडाळतो तेव्हा त्याचा काही भाग चुलीपर्यंत पोहोचतोच. बोगदे मात्र कोणास उचलून नेता येत नाहीत. तुलना येथेच थांबवितो, कारण ती फार ताणण्यासारखी नाही.

आपल्या ज्ञातीचा परदेशी व्यापाराशी आलेला सर्वांत कठीण प्रसंग घाटाची लाइन खुली होऊन शंभर वर्षे झाली त्याच साली, म्हणजे १९६३ मध्ये आला. परकीय चलनाची टंचाई आणि चीनच्या युद्धाचा ताण यांमुळे सरकारने जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम काढले. चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी झाली. लंडन-दुबईच्या सोन्याचा हिशेब दिल्लीत मांडला गेला आणि त्याची किंमत गल्लीतल्या कारागिराने मोजली. कित्येकांनी पिढीजात आगटी विझवून नोकरी धरली. आज आपल्या ज्ञातीत बँकांत व कचेऱ्यांत जी मंडळी दिसतात त्यांतील अनेकांच्या घराण्यात हा बदल त्याच काळी झाला. १९६८ चा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. लगेच १९९१ मध्ये देशाची परकीय गंगाजळी इतकी आटली की रिझर्व्ह बँकेचे सुमारे सत्तेचाळीस टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले, आणि त्याच जुलैत नव्या धोरणाने परदेशी भांडवलास अनेक उद्योगांत एक्कावन्न टक्क्यांपर्यंत दार उघडले गेले. नानांच्या पाच टक्क्यांच्या हमीसारखी हमी या वेळी दिली गेली नाही, एवढा फरक पडला होता.

नानांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती मिळे. १९१२ साली ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि १९४४ मध्ये जगाच्या चलनव्यवहाराची घडी बसविण्यासाठी अमेरिकेत ब्रेटनवुड्स येथे जी परिषद भरली तीत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते होते. शंभर वर्षांपूर्वी ज्या बोलणीत आपल्याकडून कोणी नव्हते, तशा बोलणीत नानांच्या शिष्यवृत्तीचा मानकरी बसला.

मुंबईच्या टाउन हॉलात नानांचा संगमरवरी पुतळा आहे आणि गिरगावच्या रस्त्यास त्यांचे नाव आहे. मुंबईची भुयारी मेट्रो २०२५ मध्ये पुरी झाली. तिच्यावर मुंबई सेंट्रलपाशी जगन्नाथ शंकर शेट या नावाचे स्थानक आहे. त्या मार्गाच्या खर्चाचा मोठा भाग जपानी संस्थेच्या कर्जातून उभा राहिला. त्या कर्जाचा व्याजदर काय, मुदत किती, परतफेड कोणत्या चलनात, हे ज्यांस आकडेमोडीची आवड आहे अशा आपल्या तरुण ज्ञातिबांधवांनी शोधून पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी लिहून पाठवावे.